वाघाचे उत्पन्न आणि गावाचा हिस्सा

नागपूर शहराच्या पूर्वेस, इतवारीची गजबजलेली पेठ मागे टाकून भंडारा मार्गाकडे जाऊ लागले म्हणजे लकडगंजची वस्ती लागते. आरागिरण्या, रस्त्याच्या कडेला रचलेल्या सागवानी ओंडक्यांच्या आणि फळ्यांच्या थप्प्या, दारे-खिडक्या घडविणाऱ्यांची दुकाने, असा या पेठेचा थाट आहे. आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, बालाघाट या जिल्ह्यांच्या अरण्यांत वाढलेला साग ज्या बाजारपेठांत येऊन चिरला गेला आणि तेथून दूरदूरच्या शहरांत इमारतींना लागला, त्यांत हिचे नाव जुने आहे. नागपूरच्या सागवानाची कीर्ती अशी की २०२३ साली दिल्लीत उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही ते मागविले गेले. परंतु ज्या गावच्या शिवारालगत तो साग उभा होता त्या गावाच्या वाट्याला या सर्व व्यवहारात काय आले, असा प्रश्न कोणी केला, तर उत्तर एकाच शब्दात द्यावे लागते: मजुरी. झाडावर मालकी सरकारची, लिलाव बोलणारा ठेकेदार, नफा व्यापाराचा, आणि कुऱ्हाड चालविणाऱ्यास रोजची मजुरी, अशी ही वाटणी होती. यात एखाद्या व्यापाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. व्यवस्थेची मांडणीच तशी होती, आणि तिच्यात गावाला खातेदाराचे स्थान कधी दिलेच गेले नव्हते.

सांप्रत त्याच अरण्याचे उत्पन्न निराळ्या मार्गाने येऊ लागले आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशामुळे मंजूर कार्य-आयोजनेशिवाय होणाऱ्या वृक्षतोडीला पायबंद बसला, विनापरवाना आरागिरण्यांवर निर्बंध आले, आणि तोडलेल्या झाडापेक्षा उभ्या झाडाचे, किंबहुना त्या झाडाखाली बसलेल्या वाघाचे, मोल अधिक ठरण्याचा काळ सुरू झाला. महाराष्ट्रातील सहा व्याघ्रप्रकल्पांपैकी मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे पाच विदर्भात आहेत. देशोदेशींचा प्रवासी नागपूरच्या विमानतळावर उतरून सिल्लारी, खुर्सापार, मोहर्ली किंवा कोलारा यांपैकी एखाद्या प्रवेशद्वाराकडे जातो, आणि दोन-तीन दिवसांत एवढी रक्कम खर्च करून परततो की तेथील एखाद्या कुटुंबाला तेवढे मिळविण्यास कित्येक महिने खपावे लागते. तेव्हा लाकडाच्या व्यवहारात गावाचे जे झाले तेच वाघाच्या व्यवहारात होणार काय, हा विदर्भापुढचा खरा प्रश्न आहे. आणि ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे कार्य याच प्रश्नाच्या संदर्भात पाहिले पाहिजे.

या गावांचे दारिद्र्य हे निसर्गाच्या कृपणतेमुळे आलेले नाही. मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळात येथील रयतेला सरपण, बांबू, गवत, चराई यांचे हक्क ‘निस्तार’ या नावाने दप्तरात नोंदविलेले असत. परंतु राखीव वनांचे क्षेत्र वाढत गेले आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर वनांचा कारभार सरकारी खात्याकडे एकवटला, तसतसे हे हक्क कागदावर उरून व्यवहारात आक्रसत गेले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आवश्यकच होता. तथापि त्याने अभयारण्यांच्या आतील वावरावर जी बंधने घातली त्यांचा भार प्रथम याच लोकांवर पडला. धानाचे एक पीक, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने, आणि उरलेल्या दिवसांत मजुरीसाठी स्थलांतर, प्रसंगी थेट तेलंगणात मिरचीच्या तोडणीस, हे पूर्व विदर्भातील कित्येक कुटुंबांचे वार्षिक अंदाजपत्रक आहे. वाघांची संख्या वाढली याचा आनंद शहराला होतो. परंतु मोहफुले वेचण्यास पहाटे वनात गेलेली स्त्री परत आली नाही, किंवा गोठ्यातला बैल मारला गेला, याचे दुःख गावालाच सोसावे लागते. वाघ राखण्याची किंमत जो देतो त्याला वाघाच्या उत्पन्नातला हिस्सा मिळावा, यात दानधर्माचा प्रश्न नसून साध्या न्यायाचा आहे.

पर्यटनाने दारिद्र्य हटते ही समजूत जुनी आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. १९९९ च्या सुमारास ब्रिटनमधील काही अभ्यासकांनी गरिबांच्या बाजूने पर्यटनाचा विचार करण्याची दिशा मांडली, आणि २००२ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या वेळी जागतिक पर्यटन संघटनेने पर्यटनातून दारिद्र्यनिर्मूलनाचा एक उपक्रमच जाहीर केला. या विचारवंतांनी विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता: प्रवाशाने खर्च केलेल्या रुपयातील किती आणे त्या ठिकाणी मुक्काम करतात? या हिशेबात ज्याला ‘गळती’ म्हणतात ती विदर्भातही सहज दिसते. आरक्षण संगणकावरून होते, त्याचे कमिशन दूरच्या शहरात जाते. रिसॉर्टचा मालक मुंबईचा वा नागपूरचा असतो. त्याची भाजी कळमन्याच्या बाजारातून येते. त्याचा आचारी आणि व्यवस्थापक परप्रांतीय असतो. आणि रस्त्यालगतची ज्याची जमीन होती त्या शेतकऱ्याने ती एकदाच विकून टाकल्यामुळे तो आता त्याच आवारात रात्रीचा पहारा करीत असतो. गावाला काम मिळाले, हे खरे. परंतु मालकीचा आणि निर्णयाचा अंश मिळाला नाही, आणि म्हणून त्या कामाने त्याची उपजीविका झाली तरी त्याची स्थिती पालटली नाही.

कायद्याने या बाबतीत काही केलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ३८-एक्स हे कलम आले आणि प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. प्रवेशशुल्काची रक्कम सरकारी तिजोरीत विरून न जाता त्या प्रकल्पाच्या व परिसरातील लोकांच्या उपयोगी पडावी, आणि स्थानिकांच्या सहभागाने निसर्ग पर्यटन वाढावे, असा तिचा हेतू होता. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली तेव्हा सर्व देशात खळबळ उडाली. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ती मनाई उठली, आणि गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येईल, बाकीचा ओढा हळूहळू बफर क्षेत्राकडे वळवावा, असे धोरण ठरले. बफर म्हणजे जेथे गावे आहेत तो प्रदेश. त्यामुळे या धोरणाने गावांना प्रथमच यजमानपण देऊ केले. ताडोबाच्या बफरमधील आगरझरी येथे फुलपाखरांचे उद्यान आणि इरई जलाशयातील नौकाविहार उभे राहिले, तसेच ताडोबात गावातील स्त्रिया मार्गदर्शक म्हणून गाडीत बसू लागल्या. २०१५ साली राज्य शासनाने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली आणि गावोगावच्या परिस्थितिकीय विकास समित्यांच्या हाती काही निधी व काही अधिकार दिले.

मग कायदा आहे, निधी आहे, समिती आहे, तर स्वयंसेवी संस्थेची गरज कोणती? ही गरज हुकूम आणि अंमलबजावणी यांमधील अंतरात आहे. समितीचे ठरावबुक कोणी लिहावे, बँकेतील खाते कोणाच्या सहीने चालावे, मार्गदर्शकांची पाळी कोणत्या क्रमाने लागावी, जिप्सी गाडीचे कर्ज खरोखर गावकऱ्याच्या नावे आहे की त्याच्या आडून बाहेरच्या धनिकाच्या, रिसॉर्टशी करार करताना कोणत्या अटी मागाव्यात, या गोष्टी कोणत्याही शासननिर्णयात शिकविलेल्या नसतात. वनाधिकारी बदलून जातो. त्याचे पहिले कर्तव्य संरक्षण हे असते, आणि गावाशी त्याचे नाते कायदा राबविणाऱ्याचे असल्यामुळे गावकरी त्याच्याजवळ मन मोकळे करीत नाहीत. रिसॉर्टचा मालक आपला नफा पाहणार हे उघड आहे. या दोघांच्या मध्ये, कोणाचाही पगारी नोकर नसलेला, नफ्यात हिस्सा नसलेला, परंतु हिशेब व कायदा जाणणारा एक तिसरा पक्ष असावा लागतो. आणि तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाच्या, सोसायटीच्या, किंवा कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील संस्थेच्या रूपाने उभा राहतो.

विदर्भात या दिशेने दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थांपैकी सातपुडा फाउंडेशन ही एक आहे. अमरावतीचे किशोर रिठे यांनी २००१ साली तिची स्थापना केली. पुढे २००४ पासून ब्रिटनच्या बॉर्न फ्री फाउंडेशनच्या साहाय्याने मध्य भारतातील व्याघ्रप्रकल्पांच्या भोवतालच्या गावांत आरोग्य, निसर्गशिक्षण आणि रोजगार यांचे कार्य ती करीत आली. वाघ वाचवावयाचा तर त्याच्या शेजाऱ्याचे पोट प्रथम भरले पाहिजे, हे सूत्र तिच्या कामामागे आहे, आणि गावातील तरुणांना पर्यटनक्षेत्रात कामधंदा मिळवून देणे हा त्याचाच एक भाग होय. अशा कामात बारीक गोष्टींनाच महत्त्व असते: ज्या मुलाने कधी गावाबाहेर नोकरी केली नाही त्याला पाहुण्यांशी बोलण्याची सवय लावणे, पक्ष्यांची नावे गोंडी वा कोरकूत ज्याला मुखोद्गत आहेत त्याला तीच नावे मराठी-इंग्रजीत सांगता येतील असे शिकविणे, आणि नोकरी लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो कंटाळून परत येऊ नये म्हणून त्याच्या पाठीशी राहणे.

प्रवाशाला विकण्याजोगी वस्तू गावातच घडविणे हा दुसरा मार्ग. मेळघाटात धारणीजवळ लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हाताला बाजार मिळवून दिला. तेथील बांबूच्या राख्या दूरवर पोहोचल्या. ज्या बांबूची मोळी विकून पूर्वी क्षुल्लक रक्कम येई त्याच बांबूवर कौशल्याचा संस्कार झाला की त्याच्या किमतीतील मोठा अंश गावात थांबतो, हा या प्रयत्नाचा धडा आहे. पण त्याहूनही मूलगामी धडा गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने दिला. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या दीर्घ सहवासातून तेथे सर्वसहमतीने निर्णय करणारी ग्रामसभा आणि गावकऱ्यांचे अभ्यासगट घडले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. येथे पर्यटनाचा संबंध नाही हे खरे. परंतु ज्या गावाजवळ हक्काचा दस्तऐवज आहे आणि त्याचा वापर करणारी सभा आहे, ते गाव ठेकेदाराशी सौदा करू शकते, आणि ज्याच्याजवळ हे नाही ते केवळ याचना करू शकते, हा भेद बांबूला जितका लागू आहे तितकाच पर्यटनालाही आहे.

खुद्द पर्यटनाचे उदाहरण पाहावयाचे तर कोकणात जावे लागेल. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे; नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तेथील पुळणीवर अंडी घालण्यास येतात, आणि एके काळी ती अंडी खणून खाल्ली वा विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी खणणाऱ्यांवर फिर्यादी करण्याचा मार्ग तिला मोकळा होता. परंतु तिने गावातल्याच माणसांना घरटी शोधण्याचे, अंडी कुंपणातील सुरक्षित वाळूत हलविण्याचे आणि पिले समुद्रात सोडण्याचे काम दिले. पुढे काही वर्षांत या पिलांना पाहण्यासाठी कासव महोत्सव भरू लागला, आणि येथेच संस्थेच्या दूरदृष्टीची कसोटी लागली. पाहुणे येणार हे दिसताच बाहेरच्या भांडवलाला हॉटेल बांधू देणे सोपे होते. वेळासमध्ये पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरांतच झाली. ओटी-पडवीत झोपणे, घरच्या बाईने रांधलेले साधे कोकणी जेवण आणि पहाटे पुळणीवर जाणे, एवढेच तिथले आतिथ्य. परंतु त्याचा मोबदला थेट त्या घराच्या स्वयंपाकघरात पोहोचतो, आणि कासव राखण्यात प्रत्येक घराचा स्वार्थ गुंतल्यामुळे निराळा पहारेकरी नेमण्याची गरज उरत नाही. जे अंडे एकदाच विकले जाई तेच आता दर हंगामात उत्पन्न देते, हे अर्थशास्त्र गावाला कोणी व्याख्यान देऊन शिकविले नाही. ते त्याने आपल्या अनुभवातून जाणले.

परदेशांतही यशाचे मर्म याहून फारसे निराळे नाही. नेपाळात एका स्वायत्त न्यासाने १९८६ साली घांद्रुक गावातून अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा आरंभ केला. डोंगरवाटांनी पायी फिरणाऱ्या प्रवाशांकडून घेतलेले प्रवेशशुल्क त्याच प्रदेशात खर्च करण्याची मुभा त्या न्यासाला मिळाली, आणि भोजनगृहे चालविणाऱ्या गावकऱ्यांच्या समित्यांनी खाद्यपदार्थांचे दर एकत्र ठरविल्यामुळे परस्परांच्या जिवावर उठणारी स्पर्धा टळली. आफ्रिकेतील नामिबियाने १९९६ साली कायदा करून गावसमूहांना आपल्या भूमीवरील वन्यजीवांचे व पर्यटनाचे हक्क दिले. तेथे स्थानिक स्वयंसेवी संस्थांनी कायदा होण्यापूर्वीच गावातून रक्षक नेमले होते, आणि कायदा झाल्यावर पर्यटन-कंपन्यांशी करार करताना गावाच्या बाजूने बसून उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा लिहून घेण्यास साहाय्य केले. दोन्हीकडे प्रथम हक्क, मग संघटन आणि त्यानंतर प्रवासी हा क्रम पाळला गेला. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटतो: प्रवासी आधी येतो, जमिनी विकल्या जातात, आणि संघटनेचा विचार सुचेपर्यंत संघटित करण्याजोगे फारसे उरत नाही.

पर्यटनाचा एक गुण विदर्भाच्या कृषिजीवनाशी जुळणारा आहे. पावसाळ्याचे तीन महिने गाभा क्षेत्र बंद असते, आणि तेच धानाच्या रोवणीचे दिवस. उलट उन्हाळ्यात, जेव्हा शेतात काम नसते आणि स्थलांतर घडते, तेव्हाच पाणवठ्यांवर वाघ दिसत असल्यामुळे प्रवाशांची दाटी होते. म्हणून शेतीला जोड म्हणून हा व्यवसाय फार उपकारक आहे. परंतु जोडधंदा हा जोडधंदाच राहिला पाहिजे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सर्व दरवाजे एकाएकी बंद झाले, तेव्हा ज्या घरांनी शेती सोडून गाडीच्या कर्जावर सारा भार टाकला होता त्यांची अवस्था कठीण झाली; ज्यांच्या घरी धान व गुरे होती त्यांनी तो काळ ढकलला. विवेकी संस्था म्हणूनच केवळ पर्यटनावर विसंबू देत नाही, आणि पर्यटनातही केवळ वाघावर विसंबू देत नाही. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. बफरमधील काही गावांतील दिवे बदलून रात्रीचे आकाश काळेभोर राखण्यात आले, आणि तारे पाहण्यास येणाऱ्यास वाघाच्या मागे धावावे लागत नाही. आकाशावर कोणाचा सातबारा नाही; तेव्हा या नव्या आकर्षणाचे यजमानपण प्रथमपासूनच गावाकडे राहील अशी व्यवस्था करण्यास अजून अवकाश आहे.

आता संस्थांच्या दोषांविषयी. पैसा आला की हिशेब आला, आणि हिशेब दृष्टीआड झाला की अफरातफर आली. ताडोबाच्या सफारी आरक्षणाच्या रकमेत सुमारे बारा कोटी रुपयांचा अपहार झाल्याची फिर्याद २०२३ साली चंद्रपुरात नोंदविली गेली, आणि गावांच्या हिताची रक्कम दूरच्या कोणत्यातरी संगणकात अडकून राहणे किती धोक्याचे आहे हे सर्वांना दिसले. स्वयंसेवी संस्था या मोहापासून स्वभावतःच मुक्त आहेत असे मानण्याचे कारण नाही. काही संस्था गावाच्या नावे निधी आणतात आणि त्याचा मोठा अंश आपल्या कार्यालयावर वेचतात. काही नकळत नव्या ठेकेदाराची भूमिका घेतात, प्रवासी त्यांच्यामार्फत येतात, दर त्या ठरवितात आणि गावकऱ्याला पुन्हा मजुरीच मिळते. काही आदिवासींचे नृत्य संध्याकाळच्या करमणुकीचा जिन्नस करून टाकतात. शिवाय गाव एकजिनसी नसते: ज्याचे पक्के घर, ज्याला संडास, ज्याचा मुलगा शिकलेला, त्याच्याच घरी पाहुणा उतरतो, आणि भूमिहीनाच्या झोपडीला या सोहळ्याचा पत्ताही लागत नाही. घरोघरच्या उत्पन्नातून काही अंश सामूहिक निधीत घालून तो भूमिहीनांसाठी, विधवांसाठी, वन्यप्राण्याने जखमी केलेल्यांसाठी वेचण्याचा ठराव ग्रामसभेकडून करवून घेणे, हे काम खोल्या सजविण्याहून अवघड आहे, आणि संस्थेच्या नैतिक अधिकाराची खरी परीक्षा तेथेच होते.

या कामाला काळ लागतो, आणि सध्याच्या अनुदानपद्धतीत सर्वांत दुर्मीळ वस्तू तीच आहे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्यातील काही रक्कम व्याघ्रप्रकल्पांच्या गावांपर्यंतही येते. परंतु ती बहुधा एक ते तीन वर्षांच्या मुदतीने येते, आणि अहवालात किती तरुण प्रशिक्षित झाले, किती शिलाईयंत्रे वाटली, किती खोल्या बांधल्या याचे आकडे मागते. मेंढ्याची ग्रामसभा वा वेळासचा महोत्सव तीन वर्षांच्या मुदतीत उभा राहिला नसता. म्हणून देणगी देणाऱ्याने, मग तो मोठा उद्योगपती असो वा नागपुरातील साधा व्यापारी, संस्थेला खोल्यांची संख्या विचारण्यापेक्षा इतके विचारावे, की गेल्या हंगामातील उत्पन्नाचे वाटप कोणी ठरविले, ते ग्रामसभेत कोणी वाचून दाखविले, आणि त्यावर हरकत घेणाऱ्या भूमिहीनाचे ऐकले गेले काय. प्रवाशानेही मुक्काम ठरविताना हेच विचारण्यास संकोचू नये. ज्या संस्थेजवळ या प्रश्नांचे उत्तर आहे तिला साहाय्य द्यावे. आणि जी प्रामाणिकपणे सांगेल की हे उत्तर गावाच्या तोंडून ऐकावयास अजून दहा वर्षे लागतील, तिला ती दहा वर्षे द्यावीत.